मेंदूतल्या फुग्यातला रक्तप्रवाह: रंगीत चित्रावर किती विसंबायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांच्या आईचं वय ५८. चक्कर येते म्हणून एमआरआय केला आणि डाव्या मिडल सेरेब्रल धमनीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे ५ मिमीचा ॲन्युरिझम, म्हणजे धमनीचा फुगा, सापडला. एका केंद्राने फोर-डी फ्लो एमआरआय, म्हणजे वाहत्या रक्ताचा वेग टिपणारा एमआरआय, करून ‘फुग्याच्या टोकाशी भिंतीवरचा घर्षणताण कमी, फुटण्याचा धोका वाढीव’ असं लिहिलं. (घर्षणताण म्हणजे वाहतं रक्त भिंतीला घासताना तिच्यावर पडणारा ताण.) दुसरीकडे सीटी अँजिओवरून, म्हणजे धमन्यांच्या सीटी चित्रांवरून, संगणकावर प्रवाहाचं गणित केलं, तिथे त्याच टोकाशी ताण ‘मध्यम ते जास्त’ आला. यातलं खरं कुठलं, आणि ही तपासणी भरवशाची करायची तर काय करावं लागतं? विचारणारे स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहेत, म्हणून थोडं आकड्यांत बोलते.

आधी मुद्द्याचं सांगते. दोन्ही केंद्रांनी आईच्या धमनीतला घर्षणताण मोजलेला नाही. पहिल्यांनी वेग मोजला आणि त्यावरून ताण काढला. दुसऱ्यांनी आकार मोजला, प्रवाह गृहीत धरला आणि त्या दोन्हींवरून ताण काढला. दोन्ही पद्धतींची चूक कुठल्या बाजूला झुकते हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. एमआरआयवरून काढलेला ताण बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी येतो. संगणकी गणितात आत जाणारा प्रवाह जरा जास्त किंवा धमनीची त्रिज्या जरा कमी धरली गेली की ताण भसकन वाढतो. म्हणजे तुमच्या हातातले दोन अहवाल एकमेकांच्या विरोधात दिसतात, पण तो फरक आईच्या धमनीपेक्षा दोन पद्धतींमधला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. गेली २२ वर्षं मी एमआरआयच्या भौतिकीचं काम करते, आणि असे परस्परविरोधी कागद घेऊन आलेले नातेवाईक मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची झोप उडालेली असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

फोर-डी फ्लोमध्ये वेग कसा कळतो ते आधी पाहू. चुंबकीय क्षेत्राला काही मिलिसेकंदांसाठी एक उतार देतात आणि लगेच तो उलटा करतात. स्थिर असलेल्या प्रोटॉनच्या बाबतीत दोन्ही परिणाम एकमेकांना खोडून टाकतात. रक्ताबरोबर सरकलेल्या प्रोटॉनची फेज, म्हणजे त्याच्या फिरत्या सिग्नलचा कोन, मात्र थोडी मागेपुढे राहते, आणि ती वेगाच्या प्रमाणात असते. तीन दिशांना हे केलं आणि नाडीच्या ठोक्याशी जोडलं की प्रत्येक व्हॉक्सेलमध्ये (चित्राच्या सगळ्यात छोट्या घनाकृती ठोकळ्यात), ठोक्याच्या प्रत्येक टप्प्याला, वेगाचा बाण मिळतो. तत्त्व अगदी स्वच्छ आहे. अडचण सुरू होते ती सेटिंगपासून.

फेज ही वर्तुळावर मोजायची गोष्ट. त्यामुळे कमाल किती वेग मोजायचा हे आधी ठरवावं लागतं. त्या मर्यादेला आम्ही व्हेंक म्हणतो. व्हेंक सेकंदाला ४० सेंमी ठेवली आणि मुख्य धमनीत रक्त ६० ने धावत असेल, तर चित्रात ते उणे २० दिसतं, म्हणजे उलट्या दिशेने वाहताना. हे टाळायला व्हेंक १०० ठेवली तर दुसरी पंचाईत होते. वेगातली अनिश्चितता साधारण ०.४५ गुणिले व्हेंक भागिले सिग्नल-नॉइज गुणोत्तर (खरा सिग्नल नको असलेल्या खरखरीच्या किती पट आहे ते) एवढी असते. गुणोत्तर १५ धरा. व्हेंक १०० असेल तर अनिश्चितता सेकंदाला ३ सेंमी. धमनीत ६० ला ३ म्हणजे काहीच नाही. पण फुग्याच्या टोकाशी रक्त सेकंदाला ५ सेंमीने रेंगाळत असेल तर त्या ५ मध्ये ३ ची चूक आहे. आणि आईच्या अहवालात धोका लिहिलाय तो नेमका त्या रेंगाळणाऱ्या रक्ताच्या जागेवर.

यावरचा उपाय म्हणजे दोन व्हेंक वापरणं. एकदा मोठी, एकदा लहान. मोठीवरून कळतं की कुठला वेग वर्तुळ ओलांडून उलटा झालाय, आणि लहानवरून मंद वेग बारकाईने मिळतो. वेळ वाढतो, पण माझ्या मते फुग्यांच्या बाबतीत भरवसा वाढवणारा सगळ्यात मोठा बदल हाच आहे. अहवालात एकच व्हेंक असेल आणि ती ८० च्या वर असेल, तर फुग्याच्या टोकाच्या आकड्यांना मी फार महत्त्व देत नाही.

पुढचा प्रश्न व्हॉक्सेलचा, आणि तुमच्या दोन अहवालांचं कोडं बरंचसं इथेच सुटतं. मेंदूच्या फोर-डी फ्लोमध्ये व्हॉक्सेलची बाजू साधारण ०.५ ते १ मिमी असते. ०.८ धरली तर ५ मिमीच्या फुग्यात आडवे जेमतेम सहा व्हॉक्सेल बसतात. त्याला रक्त पुरवणारी धमनी अडीच मिमीची असेल, तर तिच्यात तीनच. भिंतीवरचा ताण म्हणजे भिंतीजवळ वेग किती झपाट्याने बदलतो त्याला चिकटपणाने गुणायचं. हा बदल भिंतीलगतच्या एक मिमीहूनही पातळ थरात घडतो. एकाच व्हॉक्सेलमध्ये भिंत, थांबल्यासारखं रक्त आणि वाहतं रक्त एकत्र आलं की तिथला चढ बोथट होतो आणि ताण कमी निघतो. आईच्या अहवालातला ‘कमी’ हा शब्द काही अंशी व्हॉक्सेलच्या आकारातूनही आलेला असू शकतो.

मग व्हॉक्सेल लहान का करत नाहीत? हिशेब करून पाहा. सिग्नल व्हॉक्सेलच्या घनफळाच्या प्रमाणात असतो. ०.८ वरून ०.५ वर आलात की घनफळ पाव हिश्श्याहूनही कमी उरतं. तेवढाच सिग्नल परत हवा असेल तर पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घ्यावी लागते, आणि नॉइज मोजण्यांच्या वर्गमुळाने घटतो. म्हणजे साधारण १७ पट वेळ. १० मिनिटांचा स्कॅन पावणेतीन तासांवर जातो. ५८ वर्षांच्या बाईला मान न हलवता एवढा वेळ झोपवून ठेवता येत नाही. म्हणून ३ टेस्ला किंवा ७ टेस्लाचं, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाचं यंत्र, चांगली हेड कॉइल (डोक्याभोवतीचा सिग्नल पकडणारा भाग), चालत असेल तिथे गॅडोलिनियम हे शिरेतून द्यायचं कॉन्ट्रास्ट औषध, आणि कमी नमुन्यांतून चित्र उभं करणारी कॉम्प्रेस्ड सेन्सिंगची पद्धत, असं सगळं जोडून मध्यम मार्ग काढतात. कॉम्प्रेस्ड सेन्सिंगबद्दल एक सावधगिरी सांगते. चित्र गुळगुळीत करण्याचा जोर वाढवला की ते देखणं होतं आणि ठोक्याच्या शिखराचा वेग दबतो. गुळगुळीत चित्र पाहून लोक खूश होतात. मला तेच चित्र आधी तपासावंसं वाटतं.

आता एक माझी चूक सांगते, कारण त्यातून जे शिकले ते आजही रोज वापरते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका रुग्णाच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या फुग्यात एका बाजूने रक्त सेकंदाला ६ सेंमीने वर चढताना दिसत होतं आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ शून्य होतं. मी ‘एका बाजूला रक्त साचून राहिलंय’ असं लिहून तो अहवाल बैठकीत मांडला. नंतर सहज म्हणून आजूबाजूच्या मेंदूच्या ऊतीत वेग किती येतो ते पाहिलं. मेंदूची ऊती नाडीबरोबर हलते खरी, पण सेकंदाला काही मिलिमीटरच. चित्रात मात्र ती सगळी ३ सेंमीने वर सरकताना दिसत होती. यंत्रातल्या एडी करंटमुळे (बदलत्या चुंबकीय क्षेत्राने यंत्राच्या धातूत उठणाऱ्या विजेच्या प्रवाहांमुळे) आलेली ती पार्श्वभूमीची फेज होती. ते ३ वजा केल्यावर एका बाजूला ३ वर आणि दुसऱ्या बाजूला ३ खाली, असा साधा, जवळपास सममित भोवरा उरला. साचलेलं रक्त कुठेच नव्हतं. त्या रुग्णाचा निर्णय आकार आणि जागेवरून आधीच झाला होता, म्हणून माझ्या अहवालाने त्याचं काही बिघडलं नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नव्हती. तेव्हापासून स्थिर ऊतीवरून पार्श्वभूमीची फेज काढून टाकल्याशिवाय, आणि किती काढली ते लिहिल्याशिवाय, एकही आकडा माझ्या टेबलावरून पुढे जात नाही.

अशीच एक कमी बोलली जाणारी चूक म्हणजे जागेची. यंत्र वेग एका क्षणी टिपतं आणि जागा दुसऱ्या क्षणी. मध्ये १ मिलिसेकंद गेला आणि रक्त सेकंदाला ८० सेंमीने तिरकं धावत असेल, तर ते ०.८ मिमी पुढे जाऊन चित्रात उमटतं. म्हणजे अख्खा एक व्हॉक्सेल. फुग्याच्या मानेपाशी, जिथे धार आत शिरते, तिथे एवढा फरक छोटा नसतो.

इंजिनिअर म्हणून तुम्हाला सगळ्यात आवडेल अशी तपासणी म्हणजे वस्तुमान अक्षय्यतेची. रक्त दाबून लहान होत नाही. जेवढं मुख्य फांदीतून येतं तेवढंच दोन फाट्यांतून बाहेर पडायला हवं. आईच्या स्कॅनवर तिन्ही ठिकाणी आडवा छेद घेऊन मिलिलिटर प्रति मिनिट काढायला दहा मिनिटंही लागत नाहीत. फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर मी पुढे जाते. ३० टक्के असेल तर घर्षणताणाचं चित्र काढतही नाही, कारण ज्या वेगांचा साधा हिशेब जुळत नाही त्यांच्या उतारांचा हिशेब कसा जुळेल? हल्ली सॉफ्टवेअर मोजलेल्या वेगांना गणिताने ‘आत तेवढं बाहेर’ या नियमात बसवतं. त्याने नॉइज खरोखर कमी होतो, मीही ते वापरते. पण असं बसवल्यावर हिशेब जुळणारच. त्यामुळे दुरुस्तीच्या आधी किती फरक होता, हा आकडा मागा.

आता दुसऱ्या केंद्राच्या गणिताकडे. संगणकी पद्धतीत धमनीची पोकळी ज्या छोट्या तुकड्यांत वाटतात ती जाळी ०.१ मिमीपर्यंत बारीक करता येते, म्हणून भिंतीजवळचा चढ बोथट होत नाही. पण गणित बरोबर असून भागत नाही, त्यात घातलेली माहितीही आईची हवी. सरळ नळीत ताण हा चार गुणिले चिकटपणा गुणिले प्रवाह, भागिले पाय गुणिले त्रिज्येचा घन, हे तुम्ही शिकलेलंच आहात. त्रिज्या १० टक्के कमी धरली गेली तर तोच प्रवाह ठेवून ताण ३७ टक्के वाढतो. दीड मिमी त्रिज्येच्या धमनीत १० टक्के म्हणजे ०.१५ मिमी. सीटी अँजिओच्या चित्रात कडा कुठे धरायची, हा उंबरठा एक पायरी वर-खाली केला तरी एवढा फरक सहज पडतो. त्यावर आत येणारा प्रवाह निरोगी माणसांच्या सरासरीवरून घेतलेला असेल, तर उत्तर आईचं कमी आणि सरासरी माणसाचं जास्त.

हे माझं एकटीचं मत नाही. २०१५ मध्ये एक आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. मिडल सेरेब्रल धमनीवरच्या पाच फुग्यांची थ्री-डी अँजिओग्राफीची तीच चित्रं वीसहून जास्त गटांना दिली आणि घर्षणताण काढायला सांगितला. उत्तरांमधला फरक मोठा होता. पुढे २०१८ मध्ये एकाच रुग्णाच्या पाच फुग्यांवर तशीच चाचणी झाली, तेव्हा नुसता आकार कोरून काढण्यातच गटागटांत लक्षणीय तफावत आली. हे सगळे या विषयातले जाणकार लोक होते. म्हणून ‘आमचं सॉफ्टवेअर अचूक आहे’ या वाक्यावर मी थांबत नाही. प्रवाह कुठून घेतला आणि कडा कशी ठरवली, एवढं विचारते.

मग दोन्हींची सांगड का घालू नये? घालावीच. आईच्या मानेतल्या किंवा मेंदूच्या तळाच्या धमनीतला प्रवाह एमआरआयने मोजायचा, कारण जाड धमनीतला एकूण प्रवाह एमआरआय चांगला मोजतो. आकार जास्त बारीक चित्रावरून घ्यायचा. भिंतीजवळचा ताण गणिताने काढायचा. आणि फुग्याच्या आतला मुख्य भोवरा एमआरआयशी जुळतो का ते शेवटी ताडून पाहायचं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्याच फुग्यांवर तीन वाटांनी मोजमाप केलं होतं: रुग्णातला फोर-डी फ्लो, फुग्याच्या प्रतिकृतीत कणांचा माग घेऊन मोजलेला वेग, आणि संगणकी गणित. मला ही दिशा योग्य वाटते, कारण तीन वेगवेगळ्या चुका असलेल्या पद्धती जिथे एकमत होतात तिथे पाय टेकवायला जागा मिळते.

प्रतिकृतीचा विषय निघाला म्हणून सांगते. भरवसा वाढवण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे फॅन्टम. फुग्याच्या आकाराची पोकळी, त्यातून पंपाने फिरवलेलं पाणी आणि ग्लिसरीनचं मिश्रण. रक्ताएवढा चिकटपणा यायला साधारण ४० टक्के ग्लिसरीन लागतं. बाहेर पडणारा द्रव मोजपात्रात घ्यायचा आणि स्टॉपवॉच लावायचं. यंत्र मिनिटाला २५० मिलि म्हणतंय आणि पात्रात २२० भरतंय, तर कुणाचं ऐकायचं हे सांगायला नको. आम्ही दर महिन्याला आणि यंत्राचं सॉफ्टवेअर बदललं की लगेच हे करतो. कंटाळवाणं काम आहे, नव्या मुलांना ते नको असतं, पण मी सोडू देत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेने जाड व्हॉक्सेलचं चित्र बारीक करणारी साधनं आता आली आहेत. त्यातली बरीच संगणकी गणिताच्या चित्रांवर शिकवलेली असतात. म्हणजे ताठ भिंत, ठरावीक चिकटपणा अशी त्या गणिताची गृहीतकं ती मुकाट्याने उचलतात. वापरायला माझी हरकत नाही. मूळ मोजलेलं चित्र शेजारी ठेवून वापरा.

यंत्राइतकाच रुग्णही बदलतो, हे मात्र सगळे विसरतात. मेंदूचा रक्तप्रवाह रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर चटकन हलतो. त्याच्या दाबात पाऱ्याच्या एक मिमीचा फरक पडला तर प्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. यंत्रात घाबरून भराभर श्वास घेणाऱ्या बाईचा प्रवाह खरोखर कमी झालेला असतो. कॅफिननेही प्रवाह घटतो. आईला स्कॅनला नेताना सकाळचा चहा द्यायचा की नाही, ते दोन्ही वेळा सारखंच ठेवा. यंत्र बोटाला लावलेल्या क्लिपवरून ठोका पकडतं आणि शेकडो ठोक्यांची सरासरी काढून एका ठोक्याचं चित्र बनवतं. नाडी अनियमित असेल तर ते चित्र खऱ्या कुठल्याच ठोक्याचं नसतं. यंत्रात शिरण्याआधी पाच मिनिटं आईजवळ बसा, हात धरा. याने आकडे सुधारतात, हे मी अनुभवाने सांगते.

आता आईबद्दल. समजा उद्या एकदम निर्दोष घर्षणताण मिळाला, तरी तो कमी असणं वाईट की जास्त असणं वाईट, यावरच अजून एकमत नाही. जास्त ताणाने भिंत झिजते आणि कमी ताणाने दाह वाढतो, असे दोन्ही मार्ग मांडले गेले आहेत आणि दोन्हींच्या बाजूने पुरावे आहेत. म्हणून फुग्यावर उपचार करायचा की नजर ठेवायची, हे आज मुख्यतः दुसऱ्या गोष्टींवर ठरतं: आकार, जागा, कडेला आणखी छोटा फुगवटा आहे का, रक्तदाब, सिगारेट किंवा तंबाखू, घरात कुणाला हा त्रास होता का, आणि पुढच्या स्कॅनमध्ये तो वाढला का. जपानमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत न फुटलेल्या फुग्यांचं फुटण्याचं प्रमाण सगळे मिळून वर्षाला ०.९५ टक्के निघालं, आणि आकार व जागेप्रमाणे ते खूप बदलत होतं. तो आकडा आईला जसाच्या तसा लावू नका, जपानी लोकांमध्ये धोका मुळात जास्त धरला जातो. पण ‘वाढीव धोका’ या दोन शब्दांनी तुमच्या घरात जी भीती शिरली आहे, तिच्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

न्यूरोसर्जन आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट (धमनीतून नळी घालून उपचार करणारे डॉक्टर) दोघांनी एकत्र बसून चित्रं पाहिली पाहिजेत, आणि ती मूळ चित्रं, अहवालाची पीडीएफ नव्हे. रक्तदाब ताब्यात ठेवा. आणि आयुष्यात कधी झाली नव्हती अशी, क्षणात शिगेला पोचणारी डोकेदुखी झाली, तर कुठलाही अहवाल न शोधता थेट मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा.

पहिल्या केंद्राकडून फोर-डी फ्लोचा डायकॉम डेटा (यंत्रातून आलेल्या मूळ चित्रांच्या फायली) फेजच्या चित्रांसकट मागून घ्या. बरीच केंद्रं फेजची चित्रं काही महिन्यांनी पुसून टाकतात आणि मग रंगीत चित्र तेवढं उरतं, ज्यावरून कुणालाच काही परत तपासता येत नाही. डेटा हातात असेल तर पार्श्वभूमीची फेज, फाट्यांचा हिशेब आणि व्हेंक या तीन गोष्टी कुणीही जाणकार एका दुपारी पाहून देईल. पुढचा स्कॅन ठरेल तेव्हा त्याच यंत्रावर, त्याच सेटिंगने करा. तेव्हा ५ मिमीचे ५ च राहिलेत का, हे त्या चित्रांमधलं मी सगळ्यात आधी पाहीन.